तांगेनची बर्फावरची झोपडी

१२ जानेवारी १९७८
मार्लिसच्या कोटाला रॉकेलचा आणि माशांचा वास येतो. माझ्या पत्नीने जन्मात गळ धरलेला नाही.

मिनेसोटात हिवाळ्यात प्रत्येक गोठलेल्या तळ्यावर मासेमारीच्या झोपड्या उभ्या राहतात. पण आपल्या झोपडीत परक्याला बोलावून बसवणारा एकच – ऑर्विल तांगेन, कादंबरीकार. बर्फाला भोक पाडून गळ सोडतो, शेगडी पेटवतो आणि समोरच्याला विचारत राहतो. पुढे तो माणूस नाव बदलून पुस्तकात. गेल्या खेपेस पाद्रीसाहेबांची पत्नी होती. शाळेने पुस्तक कपाटातून काढले. त्यानंतर ते देशभर खपले.

१४ जानेवारी
डुएन न्हाव्याने डिवचलेच. "काय रे एल्डन, वहिनींना मासेमारीचा नाद कधीपासून?"
"तिला मासे आवडतात."
"मग या खेपेला तूच शिजणार म्हणायचं."
सगळे दुकान हसले.

२ फेब्रुवारी
सरळ विचारले, "त्याच्याशी काय बोलतेस?"
"हवापाण्याचं."
ती खोटे बोलत नाही, वगळते.

भीती केंटची आहे. आमचा मुलगा युद्धाची भरती टाळून कॅनडात पळाला आणि तेथेच लाकडे वाहणाऱ्या ट्रकखाली सापडून गेला. नोकरीसाठी गेला होता, असे मी गावाला सांगितले आहे. येथे घरटी कोणीतरी लढून आलेले आहे. हे छापले गेले, तर उद्या धान्य-गोदामाच्या कचेरीत मी कोणत्या तोंडाने बसू?

३ फेब्रुवारी
आजही तोच वास.

२० फेब्रुवारी
तांगेनला पोस्टाच्या दारात गाठले. "माझ्या घरातलं काही छापलंस, तर कोर्टात खेचीन."
"तीन खटले आधीच चालू आहेत, एल्डन. रांगेत उभा राहा."

७ ऑक्टोबर
पुस्तक आले. पेन्सिल हातात घेऊन दोनदा वाचले. डुएन आहे, त्याच्या कात्रीसकट. आम्ही नाही. केंट नाही. सुटलो.

मार्लिसला सांगितले. ती भांडी घासत होती.
"माहीत आहे," म्हणाली. "मी त्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणतो, आईच्या तोंडून मुलगा फारच चांगला निघतो. खरा वाटत नाही."
मग हात पुसत म्हणाली, "आता केंट कुठेच नाही, एल्डन."

८ ऑक्टोबर
तळे गोठण्यास अजून दोन महिने आहेत. थांबलो नाही. तांगेनच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो आणि म्हणालो, "केंट डावखुरा होता. आणि तापट."