येनेव्हर कुठे प्यावी

३ जानेवारी १९९९, हवल्ली
डी व्रीस साहेब कायमचे रॉटरडॅमला परत गेले. जाताना मला, त्यांच्या रिटायर्ड सेक्रेटरीला, मातीची बाटली दिली. वर येनेव्हरचा छाप. ज्युनिपरच्या फळांची जुनी डच दारू, जिनची आजी. बाटलीला लोकरीचा मोजा चढवलेला. कस्टम्सला चकवायला असणार. हुशार माणूस.
या आखाती देशात दारूबंदी. आपले लोक चोरून घरगुती अर्क पितात, तोही पेप्सीत. शी.

४ जानेवारी
येनेव्हरची रीत मला ठाऊक. ऑफिसने रॉटरडॅमला नेलं तेव्हा पाहिली. ग्लास काठोकाठ भरायचा, हात पाठीमागे, पहिला घोट वाकून टेबलावरूनच. मी ऑरेंज ज्यूस घेतला होता. पण निरीक्षण बारीक, म्हणजे अनुभवच.
संकल्प: एकच ग्लास. योग्य जागी.

६ जानेवारी
जागा नाही. गच्चीवर वॉचमन आणि त्याची कबुतरं. बाथरूममध्ये पिणं कॉन्व्हेंटच्या मुलीला शोभत नाही. स्वयंपाकघरात सूनबाई विनिता आणि तिची ती आमटी. सापडले तर मुलाचा, सुदेशचा, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना रद्द, सगळे पहिल्या विमानाने मुलुंडला. बाटली साड्यांखाली.

८ जानेवारी, शुक्रवार, सकाळ
दोघं शुक्रवारबाजारात. डायनिंग टेबल. हात पाठीमागे. वाकले.
चव अतिशय सूक्ष्म. किंचित माती. अर्क पिणाऱ्यांना कळायची नाही. सरळ होताना गरगरलं. फारच स्ट्राँग. दुसरा घेतला, कारण पहिला थोडा सांडला होता.

दुपार
अमलाखाली असल्याने मनातलं बोलले. आमटी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. सुदेश बायकोला विचारल्याशिवाय शिंकत नाही. वगैरे. विनिताने ताट उचललं. म्हणाली, "आई, इथे एवढा त्रास होत असेल तर तिकीट काढू या."

९ जानेवारी
सुदेश खरंच तिकिटाची चौकशी करून आला. मुलुंडला एकटी, तिसरा मजला, हा गुडघा. शेवटी सांगून टाकलं: बोलली ती मी नव्हे, येनेव्हर.
सुदेश पांढरा पडला. बाटली सिंकमध्ये ओतायला घेतली. थांबला. हुंगली. बोट बुडवून चाखलं.
"आई, हे पाणी आहे. शिळं."
संध्याकाळी साहेबांचा फोन. गुडघ्याला आराम पडला का, म्हणे. त्यांच्याकडे थंडीत या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अंथरुणात घेतात. ही त्यांची स्वतःची, आतलं पाणी ओतायचं राहिलं. मोजा चटका बसू नये म्हणून.
अंथरुणातली. शी.

१० जानेवारी
तिकिटाचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. कडाक्याची थंडी. विनिताने न विचारता बाटलीत गरम पाणी भरून माझ्या गुडघ्याशी ठेवली. मोजा उलटा चढवलेला. जेवायला तीच आमटी.
काही बोलले नाही. शुद्धीवर होते.