माझ्यासाठी जपलेली गाडी

३ मार्च, सोमवार. सकाळी.

बबडे, लिहायला बसण्याआधी बाथरूमचा नळ बघून ये. बंद केला म्हणतेस, पण कालही म्हणाली होतीस. आणि ही वही पुढे तूच मला वाचून दाखवणार, तेव्हा पहिल्या पानावरच विसरशील वही कुणाची ते. म्हणून आधीच सांगून ठेवते. वही माझी, अक्षर तुझं. मला अक्षरं येत नाहीत. आकडे येतात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, तुम्हाला विसरायला होतंय, रोजचं कुणाकडून तरी लिहून घेत जा. मला काहीएक विसरायला होत नाही. नातीची स्मरणशक्ती सुधारावी म्हणून वही सुरू करतेय.

आजचा निश्चय. निळी बाहेर काढायची.

निळी म्हणजे ह्यांची गाडी. घरामागच्या गॅरेजमध्ये एकतीस वर्षं उभी आहे, जुन्या चादरींची खोळ घालून. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. हे रोज सकाळी तिला पुसायचे. म्हणायचे, जपून ठेवू, म्हातारपणी तुला फिरवीन.

निश्चयाचं कारण शिंपीणबाई. समोरच्या. परवा गेल्या. कपाटात बारा कप निघाले, नवेकोरे, कागदात गुंडाळलेले. कधीतरी वापरायचे म्हणून ठेवलेले. भेटायला आलेल्यांना सुनेने त्यातूनच चहा दिला. मीही प्यायले. छान कप होते. घरी येईपर्यंत एकच डोक्यात, माझ्या मागे माझ्या गाडीत कोण बसणार.

आयुष्य थोडं आहे. गाडी आत्ता वापरायची.

४ मार्च, मंगळवार.

बबडी विचारते, आजी, तू निळीत किती वेळा बसलीस. तीन. एकदा ती आली त्या दिवशी. तेव्हा जरा उलटी झाली, पण ती उन्हामुळे. दुसऱ्यांदा मुलाच्या लग्नात, फोटोपुरती. गाडी उभीच होती. तिसऱ्यांदा सीटवरचं प्लास्टिक बदलताना.

माझा हात मोडला तेव्हा ह्यांनी टॅक्सी बोलावली. म्हणाले, प्लास्टर ओलं आहे, सीटला लागेल. बबडीला हे ऐकून हसू आलं. तिला काय कळणार. माझ्यासाठी ठेवलेली वस्तू माझ्यापासूनसुद्धा जपायचे, असा माणूस.

नाही म्हणायला रिटायर झाल्यापासून दर गुरुवारी बाहेर काढायचे. बॅटरी उतरू नये म्हणून. दुपारी दोनला निघायचे, दोन गल्ल्या पलीकडच्या ग्रंथालयात जायचे, सातला परत. येताना एक जाडजूड पुस्तक. सोळा वर्षांत एक गुरुवार चुकला नाही. मलाही नेलं असतं. पण तूच सांग, म्हणायचे, तू ग्रंथालयात काय करणार. खरंच होतं.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी.

मेकॅनिक आला. तोंडात सतत काहीतरी चघळत होता. बॅटरी मेली, टायर कडक झाले, हे मलाही दिसत होतं. मग म्हणाला, आजी, क्लच अर्धा संपलाय. ही भरपूर पळालेली आहे.

मी म्हटलं, ही कुठेही गेलेली नाही.

त्याने मीटर दाखवला. आकडे मला येतात. अडुसष्ट हजार चारशे बारा.

मी म्हटलं, उभ्या उभ्या फिरत असेल. घड्याळ नाही का भिंतीवर टांगलेलं असूनही फिरत. तो बबडीकडे बघायला लागला. बबडी खोळीची घडी घालायला लागली.

संध्याकाळी तिने मोबाइलवर हिशेब केला. दोन गल्ल्या जाऊन येऊन, दर गुरुवारी, सोळा वर्षं. हजार दीड हजारच होतात म्हणे. मोबाइल चुकतो. परवा त्याने मला पाऊस सांगितला होता, पडला नाही.

मेकॅनिकला टायर आणि बॅटरी बदलायला सांगितली. क्लच राहू दे म्हटलं. मेकॅनिक लोक म्हाताऱ्या बायकांना नेहमी क्लच सांगतात.

९ मार्च, रविवार.

निळी आतून साफ केली. चपला बाहेर काढून, ह्यांच्या नियमाप्रमाणे.

ड्रायव्हरच्या सीटला ह्यांच्या बसण्याचा खळगा. हात फिरवला. बरं वाटलं. शेजारच्या सीटला त्याहून मोठा खळगा. समोरच्या कप्प्यात खोकल्याच्या गोळ्यांची डबी, निम्मी संपलेली. ह्यांना खोकला नव्हता.

बबडी म्हणाली, आजी, इथे कुणीतरी बसायचं.

म्हटलं, बसायचं की. पुस्तक. पुस्तक जड होतं, सोळा वर्षं दर गुरुवारी त्या सीटवर बसून यायचं. खळगा पडणारच. आणि गोळ्या ग्रंथालयासाठी. तिथे खोकलेलं चालत नाही.

बबडीने हे जसंच्या तसं लिहिलंय ना? वाच बरं. हं.

निश्चय. पहिली फेरी वन्संकडे. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. शाळेत शिकवायच्या, लग्न केलं नाही, रिटायर झाल्यावर तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात खोली घेतली. गाडीने तासभर लागतो. फोन केला की एकच पालुपद. वहिनी, दादाच्या गाडीत बसणं काही आमच्या नशिबात नाही. मला दर वेळी वाईट वाटायचं. थोडं बरंही वाटायचं. आता दारात निळी उभी करते आणि पुढच्या सीटवरून उतरते. बघू देत.

१२ मार्च, बुधवार.

बबडीचा संशय जाईना. म्हटलं, थांब, पुस्तकच दाखवते. शेवटचं अजून ह्यांच्या उशाशी आहे. मी रोज पुसते.

पुस्तकं फार जपायचे. दर गुरुवारच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, कोपरे असे दुमडलेले की बघत राहावं. दर वेळी वर नवा फोटो. कधी विमान, कधी पूर, कधी टोपीवाला कुणी. संध्याकाळी वाचत बसायचे. मधूनच हसायचे. विचारलं तर म्हणायचे, तुला नाही समजायचं, खोल आहे.

बबडीने कव्हर काढलं. म्हटलं, वाच. म्हणाली, पाणीपुरवठा विभाग. नियमावली. भाग दोन. ह्यांच्या ऑफिसचा शिक्का आहे म्हणे. ह्यांनी तिथेच कारकुनी केली.

चुकून आणलं असेल शेवटचं. बबडी म्हणाली, मग बाकीची कुठेत? परत केली. ग्रंथालयाची असतात ती.

ती म्हणाली, आजी, पानांच्या कडा बघ, किती वर्षं हाताळलंय.

मी म्हटलं, जा, तुझी लॅबची वेळ झाली, लोक रक्त द्यायला खोळंबलेत.

नियमावली वाचून कोण हसतं?

१३ मार्च, गुरुवार.

आज दुपारी दोनला घड्याळासमोर बसले. सातला उठले. पाच तास फार असतात.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी.

निळी सुरू झाली. आवाज ओळखीचा. बबडीने गल्लीत एक फेरी मारली. उद्या निघायचं.

वन्संना फोन केला. म्हटलं, उद्या गाडीने येतेय, निळीने. मी पुढे बसणार आहे. त्या म्हणाल्या, या या, बरं झालं. आणि वहिनी, डावीकडची काच वर करताना खालून तळहाताने रेटा द्या हं, नाहीतर मध्येच अडकते.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला.

बबडीला गॅरेजमध्ये पाठवलं. परत आली, दारातच उभी राहिली. म्हणाली, अडकते. तळहाताने रेटा दिला की जाते.

ह्यांनी सांगितलं असेल वन्संना. बोलता बोलता. भाऊ बहिणीला काचांबद्दल सांगतोच.

नाही. हे शेवटचं वाक्य खोड. नको, राहू दे.

१६ मार्च, रविवार. वृद्धाश्रम. रात्रीचं जेवण केलं नाही.

थोडक्यात लिही.

नवे कपडे घातले. पुढे बसले. काच तळहाताने वर केली. शिंपीणबाईंच्या दारावरून मुद्दाम हळू जायला सांगितलं.

वीस मिनिटांनी उलटी. ती पेट्रोलच्या वासाने. पुढे दुसरी. ती वळणांमुळे. तिसरीला कारण सापडलं नाही. नव्या कपड्यांचं काय झालं ते लिहू नकोस. उरलेला रस्ता मागच्या सीटवर आडवी. एकतीस वर्षं माझ्यासाठी जपलेल्या गाडीतून मला फक्त छप्पर दिसलं. छप्पर स्वच्छ आहे.

वन्सं फाटकाशी उभ्या होत्या. आम्ही थांबलो तशा पुढे आल्या. दार उघडण्याआधीच चपला काढून हातात घेतल्या. बसल्या, आणि न बघता हात सीटखाली घालून दांडी ओढली. सीट दोन बोटं मागे सरकली. त्या खळग्यात त्या अशा बसल्या, जशी डबीवर झाकणी.

मग मागे वळल्या आणि मला बघून त्यांचं तोंड उतरलं. मी आडवी असल्याने त्यांना आधी दिसलेच नव्हते.

म्हणाल्या, वहिनी, मी सांगणार होते.

मी म्हटलं, कधी? त्या म्हणाल्या, कुठल्याही गुरुवारी.

बबडीने कुणाला काही न विचारता गाडी तळ्यापर्यंत नेली. कदाचित तिला वाटलं पाणी बघून आम्ही बऱ्या होऊ. येताना चढावर क्लच गेला. मेकॅनिक खरा निघाला, एवढं लिही. निळी आता वृद्धाश्रमाच्या आवारात झाडाखाली आहे आणि पक्षी तिच्यावर मनसोक्त घाण करताहेत. कुणीही पुसत नाहीये.

बबडीची उद्या ड्यूटी. शेवटच्या बसने निघते म्हणाली. मी बसमध्ये बसत नाही, बसचा वास येतो. क्लच मिळेपर्यंत मी इथे. वन्संच्या खोलीत. एकच खोली रिकामी होती, तिचं छप्पर गळतं.

वही इथेच ठेव. कोण लिहील? बघू.

१८ मार्च, मंगळवार. वृद्धाश्रम.

लिहिणाऱ्या वन्सं.

दुसरं कुणी नाही. बाकीच्यांचे हात थरथरतात. काल दिवसभर बोलले नाही, त्यामुळे कालचं काही नाही. आज बोलते, कारण न बोलून माझंच डोकं दुखतं.

मी विचारलं, दर गुरुवारी? म्हणाली, दर गुरुवारी. काय करायचात? म्हणाली, तळ्यावर जायचो. दादा बादली काढायचा आणि दोन तास गाडी धुवायचा. मी बाकावर बसायचे. मग तो डोळे मिटून पडायचा. मजा अशी काही नव्हती हो वहिनी, चपलासुद्धा घालू द्यायचा नाही.

म्हटलं, मजा नव्हती तर सोळा वर्षं कशाला गेलीस? त्यावर ती पेनाचं टोपण लावायला लागली. शाळेत मुलांना उत्तरं द्यायला लावायची.

मग विचारलं, मला का नाही? म्हणाली, दादा म्हणायचा, वहिनीला गाडी लागते. सीटची काळजी होती त्याला.

परवा तीन वेळा लागली, ते मान्य. पण एकतीस वर्षांत एकदा विचारायला काय झालं होतं? मी पिशवी घेऊन बसले असते. मी हो म्हटलं असतं किंवा नाही म्हटलं असतं. तेवढंही माझ्या हातात दिलं नाही. म्हातारपणी फिरवीन म्हणाले. मी म्हातारी होऊन बसले आणि हे तिकडे बादली घेऊन.

गाडी माझ्यासाठी नव्हती. गाडीसाठीच होती. लिही हे. लिहिलंस?

पुस्तकाचंही विचारलं. ग्रंथालयाचं सोंग कुणाच्या डोक्यातून निघालं? म्हणाली, ते दादाचं. आणि कव्हर? तिने वहीचे कोपरे सरळ केले. मग म्हणाली, कव्हर मी घालायचे. शाळेत सवय होती. तुम्हाला अक्षर येत नाही पण चित्र लक्षात राहतं, म्हणून दर वेळी वेगळ्या फोटोचा कागद शोधून ठेवायचे.

ते कोपरे. सोळा वर्षं मी शेजारणींना ते कोपरे दाखवले. ह्यांच्या हातात काय कला आहे बघा म्हणून.

नवऱ्याने फसवलं ते एक वेळ समजेल, तो गेला, त्याच्याशी आता काय भांडायचं. पण हिने आठवडाभर माझ्यासाठी फोटो निवडायचे आणि रविवारी फोनवर मला सांगायचं, दादाच्या गाडीत बसणं नशिबात नाही. मला तिची कीव यायची. ती कीव मला परत हवी आहे.

मी म्हटलं, लिही, वन्सं लबाड आहे. लिहिलं म्हणाली. पण बराच वेळ लिहीत होती. तीन शब्दांना एवढा वेळ लागत नाही. बबडे, आलीस की आधी हे पान वाच आणि तिथे काय आहे ते मला हळूच सांग.

निश्चय. पुन्हा त्या गाडीत बसणार नाही. क्लच घालून जो नेईल त्याला देऊन टाका. मला न्यायला टॅक्सी आण, पिशव्या घेऊन.

निश्चय दोन. अक्षरं शिकायची. इथे शिकवणारी एकच आहे. तिच्याकडून नाही शिकणार. आज तिने न विचारताच पाटीवर माझं नाव काढून दिलं. मी बघितलं नाही. नीट बघितलं नाही.

मेकॅनिक उद्या क्लच घेऊन यायचा आहे. त्याच्या हाती डबा पाठव, रात्री फोनवर हेच सांगेन. इथलं सगळं मऊ असतं, उकडून पिळून काढलेलं. सफरचंदं पाठव, सहा, कडक बघून घे. आणि भाजलेले शेंगदाणे, साल न काढलेले. चिरू नको, कुटू नको. वन्संनी गेल्या आठवड्यातच वरचे दात काढून घेतलेत. माझे सोळा शाबूत आहेत, सगळं मी त्यांच्यासमोर बसून खाईन. त्यांच्यासाठी म्हणून वेगळं काही लागलंच, तर एक पिकलेलं केळं घाल. लहान बघून.