गच्चीवर वाळत घातलेलं गणित

नत्थुजी भाऊजींना अमरावतीहून किसनरावाचा रामराम. आमच्या बहिणीचे, दुर्गाबाईचे गुडघे, तुमचा बीपी आणि अकोल्याचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र. पत्राला मधेच तोडता येत नाही (फाडता येतं, पण तेवढं करू नका).

तुमचा हुकूम होता की, आकांक्षा तुझ्या घरी राहून पीएचडीच्या नावाखाली काय करते ते बघ, आणि अर्थ नसेल तर पोरीला आखाजीच्या सणाआधी घरी आणून सोड. म्हणून मी भाचीलाच विचारलं. ती म्हणाली, रेणूवर उजेड पडला की त्यातला प्रोटॉन आपला अणू सोडून हायड्रोजनच्या बंधावरून शेजारच्या अणूकडे जातो आणि ऊर्जा उतरली की परत आपल्या जागी येतो. मी विचारलं, त्याला परत बोलावतं कोण? तर कोणीच नाही, आपणच येतो म्हणे. हे दिसतं कुठे, तर दिसत नाही, कॉम्प्युटरवर गणित मांडून काढायचं. उपयोग काय, तर उन्हापासून वाचवणाऱ्या मलमांना होतो. (मी जन्मभर झेंडूच्या वावरात उन्हात उभा, मला कोणी मलम दिलं नाही.) या सगळ्यातलं मला एकच कळलं, की उजेड पाहिजे.

परवा ती युनिव्हर्सिटीत जाताना बजावून गेली, की लॅपटॉप बंद करू नका, आठवडाभर अडलेलं गणित आता कुठे सरकतं आहे. मी खोलीत डोकावलो तर खिडक्या बंद, पडदे ओढलेले. अशा अंधारात कोणता प्रोटॉन हलणार? मी लांब वायर जोडली, लॅपटॉप चालूच ठेवून गच्चीवर नेला आणि आमच्या सौ. मंजुषानं बाजेवर घातलेल्या कुरड्यांशेजारी ऊन बघून मांडला. कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून वर फडकंही टाकलं. दुपार कलेपर्यंत कुरड्या कडक वाळल्या आणि लॅपटॉप बंद पडला.

आकांक्षा आली आणि ते तापलेलं यंत्र मांडीवर घेऊन मटकन खाली बसली. आठवड्याचं काम गेलं होतं. मला फार वाईट वाटलं भाऊजी.

"मामा, यातला उजेड बी गणितातलाच हाये. याले ऊन कायले दाखवलं?"

"मंग यातलं खरं काय हाये?" मी विचारलं.

"कूलर," ती म्हणाली. घरातला एकुलता एक कूलर तिनं लॅपटॉपकडे वळवला आणि पुन्हा पहिल्यापासून गणिताला बसली. तेव्हापासून मंजुषा आणि मी माठाच्या आडोशाला झोपतो. उजेड खोटा, प्रोटॉन दिसत नाही, ऊन चालत नाही, आणि पोरगी मात्र खरोखर घामाघूम. याला अर्थ आहे की नाही, ते मला अजून उमगलेलं नाही.

तुमचा गोंधळलेला मेव्हणा,
किसनराव

ता. क. आकांक्षा आखाजीला येणार नाही, आणि मी आणून सोडणारही नाही. काम झालं की ती आपणच येईल. बोलवावं लागत नाही, असं तिनंच सांगितलं आहे (तेव्हा विषय वेगळा होता).

आणखी ता. क. तुमच्या माडीवरचा मोठा कूलर अमरावतीच्या एसटीत चढवून द्या. लॅपटॉपची सोय झाली आहे, आम्हाला पाहिजे. बदल्यात कुरड्या पाठवतो. त्या मात्र फार छान वाळल्या.