फैसलचा पहिला निकाल

मंगळवार, संध्याकाळ. कुरुम.

अजून डोकं तापलेलंच आहे. इथे आखातात, आमच्या लॉ कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रात आज दापोलीचे इस्माईलभाई आले. ड्रायव्हर आहेत, अर्बाबने, म्हणजे मालकाने, अचानक कामावरून काढलं. शेवटच्या वर्षाच्या आमच्या फैसलने कोर्टाच्या निकालांच्या डेटाबेसमध्ये दोन शब्द टाकले, वर आलेला पहिला निकाल वाचला आणि म्हणाला, "खलास. केस नाही." पहिला निकाल! पुढे सरकायलाही बोटं दुखतात यांची.

इस्माईलभाई माझ्याकडे वळले. "मॅडम, म्हंजे माजा काय उरलाच नाय?"

मी कपाटातून सुधारित कामगार कायद्याचं पुस्तक काढलं आणि फैसलसमोर आपटलं. दहा मिनिटांत त्यालाच सापडलं. तो निकाल जुन्या कायद्यावरचा होता, आता तक्रार करता येते. निकालाची तारीख स्क्रीनवरही होती की! "पण मॅडम, तोच पहिला आला," हे वर उत्तर. म्हणे वकील होणार!

इस्माईलभाई तक्रारीवर सही करून गेले. मग मी रागारागाने फैसलचे मागचे गुण काढून बघितले. कायदेविषयक संशोधन, पैकीच्या पैकी. दिलेले मीच. त्याचा पेपर मी तरी कुठवर वाचला होता?