चार वाजताचे टेकवण

भीमपूर, घरची ओसरी (तूर्त)
कार्तिक शुद्ध नवमी, सन १९८८

राजमान्य राजेश्री भगवानराव यांस,

घाटंजी मुक्कामी आपणांस चंपतरावाचा वाकून नमस्कार. (पोट रिकामे असल्यामुळे हल्ली वाकणे सोपे जाते.) आपली तब्येत, आपला छापखाना आणि रेणुकावहिनींचे गुडघे तिन्ही बरे असतील अशी आशा करतो. इकडचे विचाराल तर म्हैस ठीक आहे, कापूस ठीक आहे, मेथीला यंदा कीड नाही. आपल्या भगिनी जयवंताबाई दोन दिवसांसाठी म्हणून भाऊबीजेला आपल्याकडे आल्या, त्याला आज आठवा दिवस लागला. त्याही तिकडे ठीकच असतील. पण त्यासंबंधी हे पत्र मुळीच नाही. हे पत्र मराठी भाषेसंबंधी आहे.

भाषेला मी एक नवा शब्द दिला आहे. आपला छापखाना असल्यामुळे पहिली बातमी आपल्याला. पुढची लग्नपत्रिका छापाल तेव्हा भोजनाच्या वेळेखाली तो बारीक टायपात घालावा, एवढीच विनंती आहे. शब्द 'टेकवण'. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मध्ये, चारच्या सुमारास जे खावेसे वाटते आणि ज्याला आजवर कोणी धड नाव दिले नव्हते, ते टेकवण. हसू नका. हा शब्द सुचेपर्यंत माझे काय हाल झाले ते आधी ऐका. (एक मिनिट. वाटेवर कोणी आल्यासारखे वाटले म्हणून उठून पाहून आलो. कोणी नव्हते, अमृतरावाची शेळी होती.)

तर आषाढी एकादशीला आमच्या मारुतीच्या देवळात चातुर्मासाचे नेम धरतात. तुमच्याकडे माणूस मनातल्या मनात नेम धरतो आणि मनातल्या मनात मोडतोही. आमच्याकडे तशी सोय नाही. तुळशीचे पान हातात घेऊन, जे सोडले त्याचे नाव चारचौघांत मोठ्याने घ्यावे लागते, आणि पोथी वाचणारे देवाजी ते वहीत उतरवून घेतात. नाव घेतले ते सुटले, नाव घेतले नाही ते सुटले नाही. (नागोरावाने एका वर्षी कांदा सोडला आणि चारही महिने कांद्याची पात खाल्ली. लोकांनी गवगवा केला तेव्हा देवाजींनी वही उघडून दाखवली. पात लिहिलेली नव्हती.) यंदा अमृतरावाने उठून वांगे सोडले आणि सगळे देऊळ वाहवा म्हणाले. भगवानराव, त्या माणसाला वांगे बाधते! वांगे खाल्ले की तो तीन दिवस अंग खाजवत फिरतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला राहवले नाही. मी उठलो आणि चार महिने फक्त दोन वेळा खाईन म्हणालो, दुपारी आणि रात्री.

इथे बसलो असतो तर निभावले असते. पण देवाजींनी पेनाचे टोपण काढून, काय काय सोडता ते नावानिशी सांगा म्हटले, आणि लोक माझ्याकडे पाहू लागले. लोक पाहू लागले की माझ्या जिभेचे काय होते ते तुम्ही माझ्याच लग्नात पाहिले आहे. मी न्याहारी सोडली. फराळ सोडला. मग नाश्ता सोडला. आदिलाबादेत सगळे टिफिन म्हणतात म्हणून टिफिन सोडला, मराठी शाळेच्या समारंभाच्या पत्रिकेत असतो तो अल्पोपाहार सोडला, आणि एवढ्यावरही कोणी वाहवा म्हणेना म्हणून चहासोबत जे जे येते ते सगळे सोडले. देवाजींना पान उलटावे लागले. तेव्हा कुठे वाहवा झाली.

पहिला आठवडा मी शेतात नुसता फिरत होतो. दुपारी एकला जयवंताबाई भाकर घेऊन येत, मी जेवत असे, त्या परत जात, आणि घड्याळात चार वाजले की माझ्या पोटात कोणीतरी पाटी आपटायला लागे. मग मी विहिरीत डोकावून येई, म्हशीला उगाच दुसऱ्या झाडाला बांधी, परत पहिल्या झाडाला बांधी. शेवटी देवाजींकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "वहीत नाही ते सुटलं नाही, चंपतराव. पन वहीत काय नाही ते तुमीच शोधा. तुमी काई ठेवलंच नाही." म्हणजे मला असे काहीतरी खायला हवे होते, ज्याला नावच नाही; किंवा आहे त्याला असे नाव हवे होते, जे मी सोडलेले नाही. शाळेतल्या सुधाकरराव मास्तरांना घेऊन मी तीन दिवस निंबाखाली बसलो. त्यांनी 'मध्याह्नोत्तर उपाहार' काढला. तो म्हणेपर्यंत रात्रीच्या जेवणाची वेळ होते, शिवाय देवाजींच्या मते उपाहार आणि अल्पोपाहार हे सख्खे भाऊ. रद्द. मास्तरांनी आणखी दोन संस्कृत शब्द आणले, ते मला चावताच येईनात.

चौथ्या दिवशी गोठ्याचा वासा खाली आला होता, त्याला मी टेकू लावत होतो. आणि एकदम लख्ख झाले. दुपारपासून रात्रीपर्यंत पोटाचा वासा फार लांब पडतो. त्याला मधेच टेकू हवा. टेकू देणारे ते टेकवण! तसाच देवाजींकडे पळालो. त्यांनी वहीतली माझी दोन्ही पाने बोट फिरवत वरून खाली वाचली, वही मिटली आणि म्हणाले, "नाही." एवढा गोड नकार मी आयुष्यात ऐकला नव्हता.

चारच वाजले होते. (मी या वेळी घरी कधी जात नाही, शेतातच असतो.) धापा टाकत घरात शिरतो तो काय, चुलीपुढे ताट वाढलेले! एक भाकर, बेसन, मिरचीचा ठेचा, कांदा. मी शब्द उच्चारायच्या आधी! जयवंताबाई मला पाहून पाटावरून उठल्या, पाट माझ्याकडे सरकवला आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी बसलो आणि सगळे संपवले. संसार असावा तर असा, असे मला त्या दिवशी फार वाटले. पुढे मी रोज चारला घरी जाऊ लागलो आणि रोज ताट तयार. सगळ्या गावाला मी सांगत सुटलो, की शब्द मला आत्ता सुचला, पण आमच्या घरच्या माणसाला तो आधीपासून कळला होता.

त्यानेच घात केला. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली. आमच्याकडे वेचणीच्या बायांना चार वाजता काळा चहा द्यायची रीत आहे. नऊ बायांची म्होरकी तुळजाबाई, आमच्याच गल्लीतली, ती मला घराकडे निघालेला पाहून कापसाची ओटी सोडून उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मालकाले टेकवन, अन् आमाले निस्ता काळा चा काऊन?" अर्धी अर्धी भाकर कबूल केली. दुसऱ्या दिवशी अमृतरावाच्या शेतातल्या बाया कामावरून उठल्या, तिसऱ्या दिवशी नागोरावाच्या. चावडीवर बैठक बसली, अमृतराव माझ्या अंगावर धावून आला आणि शेवटी सगळ्या गावाने टेकवण मान्य केले. अमृतराव तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. (त्याने मनातल्या मनात वांगे पुन्हा धरले असावे, परवा खाजवताना दिसला.) नऊ बायांच्या अर्ध्या अर्ध्या भाकरी जयवंताबाई करत होत्या. मला वाटले, नवऱ्याच्या शब्दाचा असा विस्तार होतो आहे याचा त्यांना अभिमान वाटत असेल. दिवाळी झाली, भाऊबीज आली, आणि दोन दिवसांत येतो सांगून त्या नदी ओलांडून आपल्याकडे आल्या.

(पुन्हा उठलो होतो. नदीकडच्या वाटेपर्यंत जाऊन आलो. आता बसून लिहितो.)

पंचमीला वेचणी परत सुरू झाली. चार वाजता मी घरी आलो आणि पीठ घेऊन बसलो. पिठाने माझे काही ऐकले नाही. तेवढ्यात बायांच्या भाकरी न्यायला तुळजाबाई आली. तिला पाहून मी कुरकुर सुरू केली, की जयवंताबाई असताना चारच्या ठोक्याला ताट तयार असायचे, पहिल्या दिवशी तर मी तोंड उघडायच्या आधीच वाढलेले होते, असे मन ओळखणारे माणूस शोधून सापडणार नाही. तुळजाबाईने टोपली खाली ठेवली, उंबऱ्यावर बसली आणि माझ्याकडे पाहातच राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "ते तुमचं ताट नवतं. ते तिचं जेवन व्हतं. तुमची भाकर शेतात पोचवून, म्हशीचं पानी करून, भाजीच्या जुड्या बांधून चार वाजता बसे ती. दिवसातून तेवढीच घडी. सत्तावीस वर्सं झाली. तुमी आले अन् तिनं पाट सोडला. मंग रोजच सोडला." मी विचारले, मग ती रोज जेवायची केव्हा? तुळजाबाई म्हणाली, "उभ्यानं. भाकरी टाकता टाकता." आणि उठताना म्हणाली, "त्याले नाव नाही कोन म्हनलं? आमी बाया त्याले 'माही भाकर' म्हनतो."

भगवानराव, मला लाज वाटली. फार वाटली. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. हे पत्र मी चार वेळा ओसरीत, दोन वेळा गोठ्यात आणि एकदा बैलगाडीच्या जुवावर बसून लिहिले आहे. सत्तावीस वर्षांत मी जयवंताबाईंना जेवताना पाहिलेले नाही हे मला आठवून आठवून खात्री करून घ्यावी लागली. लग्नातला पहिला घास तेवढा आठवतो, तोही लोकांनी बळे भरवलेला. त्यांना भाकरीसोबत काय आवडते, हे मला कोणी विचारले तर मी सांगू शकणार नाही. गावातल्या प्रत्येक म्हशीला काय आवडते ते मी सांगीन. ज्या खाण्याला नाव नाही म्हणून मी चार महिने गावभर बोंबलत फिरलो, ते माझ्याच घरात रोज होत होते आणि मी नेमका त्याच ताटावर जाऊन बसलो.

असो. शब्दाचे तेवढे पाहावे. वहिनींना नमस्कार सांगावा. पत्र नागोरावाबरोबर नावेने पाठवत आहे, टपालाचा मला भरवसा नाही आणि थांबायला धीर नाही.

आपला,
चंपतराव

ता. क. : शब्द छापू नये. बारीक टायपातसुद्धा नको.

दुसरा ता. क. : जयवंताबाईंना परत पाठवावे. पत्र लिहिण्याचे कारण हेच होते, वर हात वळला नाही. त्यांना सांगावे की परवा एकादशीला माझा नेम सुटतो आणि त्याच दिवशी देवळाच्या पायरीवर मी दुसरा धरतो आहे, जन्मभराचा. दुपारी साडेतीन ते पाच मी घरात पाय ठेवणार नाही. देवाजींकडे यादी आधीच दिली आहे: पुढचे दार, मागचे दार, परसातले दार, गोठ्यातून आत येते ती बोळ, आणि खिडकी. देवाजींनी विचारले, खिडकी कशाला? म्हटले, लिहा, मी मला ओळखतो. बायांच्या अर्ध्या भाकरी मी शेतातच तीन दगडांवर टाकणार आहे. तुळजाबाईने पहिल्या चार खाऊन पाहिल्या आणि काळा चहा बरा होता म्हणाली, पण मी सोडणार नाही.

तिसरा ता. क. : त्यांना भाकरीसोबत काय आवडते ते हळूच पाहून कळवावे. विचारू नका. विचारले तर मी विचारायला लावले हे त्या ओळखतील, आणि सत्तावीस वर्षांनी विचारतो म्हणून हसतील. हसल्या तर तेही कळवावे.

शेवटचा ता. क. : भगवानराव, रेणुकावहिनी केव्हा जेवतात? मला लिहू नका. उद्या छापखान्यातून चार वाजता घरी जाऊन पाहा. दोघी नणंद-भावजया बसलेल्या असतील. चपला न वाजवता दारातूनच मागे फिरा.