नाकातले इलेक्ट्रॉन

तुमसर, ८ डिसेंबर १९८१

ध्यानाला बसलो आणि दहाव्या मिनिटाला डाव्या पायाला मुंग्या आल्या. या अन्यायाची सरकारने चौकशी करावी.

बसलो ते शेजारच्या रामटेके गुरुजींमुळे. शाळेत विज्ञान शिकवतात, पहाटे विहारात ध्यान करतात. गेल्या वर्षी माझ्या ओट्यावर सांगत होते, समोर दोन फटी ठेवल्या आणि इलेक्ट्रॉन त्यातल्या कुठल्या फटीतून जातो हे पाहायला गेलं की त्याचं वागणंच बदलतं. "श्वासाचंबी तसंच आहे जी. पाहाले गेलं का बदलते." मी साप्ताहिकातल्या माझ्या विनोदी सदरात लिहून टाकलं, गुरुजी नाकातून इलेक्ट्रॉन सोडतात. गाव हसलं. गुरुजी ओट्यावर यायचे थांबले. दुसरं कोण येतं माझ्याकडे?

आज श्वास पाहिला. खरंच बदलतो. तपासनीस आल्यावरच्या वर्गासारखा एकदम शहाणा होतो. श्वास आणि इलेक्ट्रॉन, दोन्ही गोष्टी एकच का? मला काय कळतं? मग एकटेपणाकडेही पाहिलं. तो मात्र तसूभर हलला नाही.

उठून त्यांच्या दारात गेलो.

"काहून आले? निघाले का इलेक्ट्रॉन?"

"नाही जी. श्वास बदलला. तुमचं खरं होतं, गुरुजी. मी तसं लिहाले नव्हतं पाहिजे. माफ करा."

एवढंच बोललो. पुढे विनोद जोडला नाही.