पाठमोऱ्या प्रेक्षकांच्या नोंदीबाबत

प्रति,
मा. मुख्य मोजणी अधिकारी,
दूरचित्रवाणी प्रेक्षक मोजणी कार्यालय.

विषय : व्यावसायिक बास्केटबॉलचे प्रेक्षक 'शून्य' ही आमच्या घराची नोंद दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या तपासनिसांचा गेल्या शनिवारचा भेट-अहवाल.

महोदय,

मी निवृत्त शाळामास्तर आहे. गल्लीतल्या मुलींना संध्याकाळी बास्केटबॉल शिकवतो. दर शनिवारी त्या आमच्याकडे टीव्हीवर सामना पाहायला येतात. आपले मोजणी यंत्र या भागात आमच्याच टीव्हीला बसवलेले आहे. त्यावर 'शून्य' आल्याने आणि अहवालातही 'हजर बरेच, पाहणारे कोणी नाही' असा शेरा पडल्याने वाहिनी महिनाअखेर इथले बास्केटबॉलचे प्रक्षेपण बंद करणार आहे. मुलींना मोठा खेळ पाहायला दुसरी जागा नाही. म्हणून हा अर्ज.

१. प्रथम चित्राबाबत. खेळाडू उभे असेपर्यंत चित्र उत्तम दिसते. कोणी पळू लागले की त्याचे चौकोन पडतात आणि बॉल बास्केटजवळ पोचला की ते गोठते. बास्केटबॉलमध्ये पळणे टाळता येत नाही, हे आपण जाणताच. वाहिनीकडे तक्रार केली असता 'प्रेक्षक वाढले की चित्र सुधारू' असे उत्तर आले. चित्र सुधारले की प्रेक्षक वाढतील, असे मी उलट टपाली कळवले. त्यानंतर पत्रव्यवहारही गोठला आहे.

२. फळा फुटला म्हणून मास्तराला वर्ग सोडता येत नाही. मी फरशीवर खडूने मैदान आखले. बाटल्यांची झाकणे हे खेळाडू, वाटाणा हा बॉल. चित्र गोठले की मुलींनी टीव्हीकडे पाठ करायची, शेवटचे दिसलेले पाय आठवायचे आणि आता कोण कुठे असेल ते झाकणे सरकवून ठरवायचे. चित्र आले की वळून ताळा करायचा. बॉलकडे नको, पायांकडे बघा, हे मी वर्षानुवर्षे शिट्टी फुंकून सांगत होतो. ते या बिघाडाने शिकवले, त्याबद्दल वाहिनीचे आभार.

३. आता बटणाबाबत. जो पाहतो त्याने यंत्राचे बटण दाबावे, असा आपला नियम आहे. न पाहता हजेरी लावायची नाही, असा माझा. त्यामुळे पाठ फिरवताना प्रत्येक मुलगी आपले बटण बंद करते. "अहो, टीव्हीपुढेच बसल्यात ना त्या! खरेपणाला काही सुमार?" असे आमच्या घरातून बजावले गेले होते, मी ऐकले नाही. सलग काही वेळ पाहिल्याशिवाय आपले यंत्र कोणाला प्रेक्षक धरत नाही आणि आमचे चित्र तेवढा वेळ सलग टिकत नाही.

४. तपासनीस साहेब आले तेव्हा चित्र गोठलेलेच होते. मुली पाठमोऱ्या, मीही पाठमोरा. त्यांनी दारातूनच शेरा लिहिला, त्यात त्यांची चूक नाही. मग ते आत आले. भिंगरी नावाने ओळखली जाणारी आमची सर्वांत लहान खेळाडू म्हणाली, "काका, पाय उचला. तुमच्या बुटाखाली आमचा बचाव आहे." त्यांनी पाय उचलला आणि बॉल कोणाकडे आहे, असे विचारले. "टीव्ही सांगत नाही, तुम्हीच सांगा," असे म्हणून तिने वाटाणा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो डाव्या कोपऱ्यात ठेवला. चित्र आले. साफ चुकले होते. पुन्हा चित्र गोठले तेव्हा ते बूट काढून मुलींसमोर बसले. त्यांच्या चहावर साय धरली. जाताना अंतिम सामना केव्हा आहे, याची त्यांनी चौकशी केली.

तरी विनंती की, अंतिम सामन्याच्या दिवशी फेरतपासणी व्हावी आणि तोवर प्रक्षेपण थांबवू नये, असे वाहिनीस कळवावे. मुलींची नोंद नियमात बसत नसल्यास माझा हट्ट नाही. नियम मीच त्यांना शिकवले. परंतु 'शून्य' हा आकडा मात्र चुकीचा आहे. तपासणीच्या दिवशी, चित्र गोठलेले असतानाही टीव्हीकडेच तोंड करून, एकही बटण न दाबता, शेवटपर्यंत सामना पाहणारे एक गृहस्थ आमच्या घरी होते. अहवालाखाली त्यांचीच सही आहे.

आपला नम्र आणि शनिवारी घरीच असणारा,
(सही)
निवृत्त शाळामास्तर
दिनांक : १२ मार्च

सोबत : तपासनीस साहेबांचे पेन. एक झाकण हरवल्याने त्याच्या जागी हे पेन शेवटपर्यंत आमच्या बचावात उभे होते.